वाढत्या अंगाची कुंची

आमच्या घरात कुठलीही वस्तू उघडी ठेवत नाहीत. मिक्सरला क्रोशाचं झाकण आहे, टीव्हीला आहे, फ्रिजच्या मुठीला आहे, माठाला तर झालर लावलेलं आहे. लग्न होऊन मी पुण्याबाहेर, मुळशीतल्या भुकूमला आले तेव्हा वायफायच्या डब्यालासुद्धा सासूबाईंनी पांढरा झगा घातलेला होता. नवरा ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकत अडकत बोलायला लागला की मी उठून तो झगा हळूच वर करायचे. मी कोथरूडची. आमच्याकडे अशा विणकामाला हसायची रीत होती. मीही हसले होते, बऱ्याचदा मनात आणि एकदा चुकून मोठ्याने.

तर तीच मी, मुलगा झाल्यावर, क्रोशाची सुई घेऊन बसले. यात कलेची ओढ वगैरे काही नव्हती. माझा मुलगा फक्त मांडीवर झोपायचा. गादीवर टेकवला की दचकून उठायचा आणि भोकाड पसरायचा. मांडीवर झोपला की माझे पाय कामातून जायचे, पण हात मोकळे राहायचे. फोन बघावा तर त्याच्या उजेडाने हा जागा. पुस्तक वाचावं तर पान उलटल्याच्या आवाजाने जागा. समोरच्या प्लॉटवर दिवसभर जेसीबी धडधडायचा, तो मात्र त्याला चालायचा. एका दुपारी सासूबाईंनी माझ्या हातात सुई आणि दोऱ्याचा गुंडा ठेवला आणि साखळी घालून दाखवली.

"करत बस," त्या म्हणाल्या. "न्हाईतर डोकं फिरंल तुजं."

डोकं फिरून झालेलं होतं, पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती. मला मुळातच राग लवकर येतो. बाळंतपणानंतर तो इतक्या लवकर यायला लागला की कारण मागाहून शोधावं लागे. चहा गार झाला की राग, कुणी गरम करून दिला की जास्त राग. "बाळाला भूक लागलीय वाटतं," असं कुणी म्हटलं की तळपायाची आग मस्तकात. दिवसभर मी पाजत होते, पुसत होते, थोपटत होते आणि संध्याकाळी विचार केला तर केलेलं एकही काम दाखवता येत नव्हतं. साखळी निदान दिसायची तरी. सकाळी वीतभर होती, दुपारी हातभर झाली. एवढ्यावरही मी त्या दिवसांत खूश होत असे.

पहिली वस्तू मुलासाठी टोपी केली. टोपी गोल विणताना मध्ये मध्ये टाके वाढवायचे असतात, हे मला माहीत नव्हतं. मी इमानदारीने तेवढेच टाके घालत गेले, आणि टोपी पसरायच्या ऐवजी आत वळत गेली. शेवटी ती मुलाच्या टाळूवर ठेवली तर नुसती बसून राहिली. नवऱ्याची आत्या आमच्या शेजारच्याच घरात राहते. रोज चहाच्या वेळेला येते आणि चहा सोडून सगळ्या गोष्टींवर मत देते. तिने टोपी हातात घेतली, उलटसुलट केली आणि लोणच्याच्या बरणीला केलीय का, असं विचारलं. माझ्या उत्तराची वाट न बघता ती बरणीवर चढवूनही पाहिली. टोपी बरणीला अगदी बेताची बसली. अजून तिथेच आहे.

मग मी रुमालांकडे वळले. रुमालाला टाळू नसते. बाळ बघायला जो येईल त्याला मी हाताने केलेला रुमाल भेट द्यायला लागले. त्यात एक पाच कोपऱ्यांचा झाला होता. तो पौडच्या एका मावशींच्या वाट्याला गेला, त्यांनी तो आदराने डोक्याला लावून पर्समध्ये ठेवला. पिरंगुटच्या वहिनींना दिलेला रुमाल त्यांच्या समोरच उसवत गेला, आणि निघताना त्यांच्या हातात रुमाल कमी आणि दोरा जास्त होता. पंधरवड्यात पाहुणे चांगलेच कमी झाले. क्रोशाचा हा उपयोग कुठल्याही पुस्तकात लिहिलेला नसेल, पण मला विचाराल तर हाच सगळ्यात मोठा.

आता नणंदेचं सांगते, कारण गोष्ट तिचीच आहे.

नणंद माझ्याच वयाची. मी लग्न करून आले तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे वर्षभर आम्ही एका घरात होतो. चारचौघांत मी तिला ताई म्हणायचे आणि दोघीच असलो की ए. या घरात कसं राहायचं ते तिनेच मला शिकवलं. आत्याबाईंनी काहीही विचारलं तरी नुसतं "व्हय" म्हणायचं, कारण दुसरं उत्तर दिलं की त्यातून आणखी प्रश्न निघतात. सासूबाई गप्प बसल्या की रागावलेल्या नसतात, त्यांची दाढ दुखत असते. सासूबाई देवाला बसल्या की आम्ही दोघी तिच्या स्कूटरवर धरणाच्या बाजूला कणीस खायला जायचो आणि येताना तोंड पुसून घरात शिरायचो. माझी सख्खी बहीण नाही. असती तर तिच्याशी माझं एवढं पटलं नसतं, असं मला वाटतं.

तिचं लग्न नांद्याला झालं. माझ्यामागून चारेक महिन्यांनी तिलाही दिवस गेले आणि आमचे फोन वाढले. कुणाला जास्त जळजळ होते यावर आमची पैज लागायची. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलंच असतं. माझं कोथरूडला झालं, तिचं भुकूमला व्हायचं होतं. मी मुलाला घेऊन भुकूमला परतले की मागोमाग ती येणार आणि मग आम्ही दोघी मिळून रडणार आणि हसणार, असा बेत होता.

पण मी परतले ती रडणारं पोर आणि अंगात ताप घेऊन. दूध साठून गाठी झालेल्या, घरात दिवसभर गोंगाट. सासूबाई एकट्या. त्यांचं वय, त्यांचे गुडघे. एका दुपारी मला खूप दिवसांनी सलग झोप लागली. तेवढ्यात सासूबाई आणि आत्याबाई यांनी मिळून नांद्याला फोन केला आणि या खेपेला तू तिकडेच राहा, आई येऊन-जाऊन करील, असं ठरवून टाकलं. मी उठले तेव्हा चहा झालेला होता आणि नणंदेचं माहेर रद्द झालेलं होतं.

मी लगेच तिला फोन केला. ती म्हणाली, "नाही नाही, ठीक आहे. तुम्ही काळजी घ्या." तुम्ही. ती मला कधीच तुम्ही म्हणत नव्हती. त्यानंतर मी काही पाठवलं की तिच्याकडून फक्त अंगठा यायचा. मुलाचा फोटो पाठवला, अंगठा. तिला मुलगी झाल्यावर मी भलामोठा मजकूर लिहून पाठवला, त्यालाही अंगठा. आईवर रुसून कसं भागणार, आत्याबाईंवर रुसलेलं त्यांना कळतही नाही. उरले मी. आणि तिचं काही चुकलं होतं असंही नाही. तिच्या खोलीत, तिच्या खिडकीखाली माझं पोर झोपत होतं, म्हणजे झोपत नव्हतं, पण असायचं तिथेच. मला वाईट वाटायचं आणि त्याहून जास्त तिची आठवण यायची. मला माझी नणंद परत हवी होती, आणि ती कशी मिळवायची हे मला कळत नव्हतं.

म्हणून मी तिच्या बाळाला कुंची करायची ठरवली.

बारशाला माहेराहून बाळंतविडा जातो. झबली, टोपडी, दुपटी, वाळे, आणि सगळ्यांत मानाची कुंची. कुंची म्हणजे डोक्याला टोपरं, त्यालाच जोडलेली पाठीवरची झूल आणि हनुवटीखाली बांधायला बंद. तिला माहेरी येता आलं नाही, तर माहेराने निदान तिच्याकडे नीट जावं, असं माझं म्हणणं. बारशात सगळ्यांसमोर ती कुंची बाळाच्या डोक्यावर चढेल, नणंद माझ्याकडे बघेल आणि पुन्हा तू म्हणेल. इतकं सगळं मी त्या लोकरीवर टाकलं होतं.

अडचण एकच. हे मी ठरवलं तेव्हा तिची मुलगी जन्मायची होती, आणि बाळ जन्मण्याआधी त्याचे कपडे करत नाहीत. आत्याबाईंना कळलं असतं तर त्यांनी सुई काढून घेतली असती. त्यामुळे मी सगळ्यांना सांगितलं की कुंची माझ्याच मुलासाठी आहे, थंडीत लागेल. एक थाप मारून आपण किती हुशार आहोत असं मला वाटलं. पुढचं सगळं त्या थापेतून झालं.

लोकर आणायला नवऱ्याबरोबर पौडला गेले. बाजारात एका चाचींचं दुकान आहे, तिथे फॉल, बटणं, दोरे, लेस आणि लोकर असं सगळं मिळतं. मला पिवळा रंग आवडला. दुकानात तो हळदीचा वाटत होता, घरी आणून बघितला तर जेसीबीचा. चाचींनी माझ्या कडेवरचं पोर नीट न्याहाळलं.

"वाढत्या अंगाची करा," त्या म्हणाल्या. "थंडी येईस्तवर ह्यो दुप्पट हुतोय."

आणि त्यांनी आणखी एक गुंडा पिशवीत घातला.

मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे शब्द नवे नाहीत. आपल्याकडे नेमक्या मापाचा कपडा शिवणं म्हणजे उधळपट्टी. शाळेचा पहिला गणवेश चौथीपर्यंत चालावा, बूट पुढे कापूस कोंबून घालावेत, आणि कपडा अंगाला नीट बसायला लागला म्हणजे आता टाकायला झाला. मी स्वतः असे कपडे घालून मोठी झालेली आहे. तरीही मला धोका दिसला नाही.

मी माप घ्यायला मुलाचं डोकं वापरलं. दुसरं डोकं घरात नव्हतं. आणि तो जाडगेला होता. टोपरं झालं, त्याच्या डोक्यावर घातलं, तोवर सासूबाई आल्या. "अगं वाढत्या अंगाची कर की," म्हणाल्या आणि कपाळाच्या बाजूने चार ओळी वाढवायला लावल्या. त्या वाढवल्या. दुसऱ्या दिवशी आत्याबाई आल्या. त्यांना सासूबाईंनी वाढवल्याचं माहीत नव्हतं आणि मी "व्हय" शिवाय काही बोलत नव्हते. वाढत्या अंगाची ठेव, गळ्यापाशी लई आवळ हाय, असं त्यांनी सांगितलं. गळा वाढवला. मग लोकर संपली म्हणून पुन्हा पौडला गेले, तर चाचींनी झूल बघून लांबी वाढवायला सांगितली. त्यांच्याकडे तो पिवळा संपला होता, नारिंगीकडे झुकलेला एक होता, तो घेतला. शेवटच्या काठाला तोही पुरला नाही म्हणून पोपटी. माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर बघून तेच सांगितलं. आई कोथरूडची, साऱ्या जगाला हसणारी. पण वाढत्या अंगाच्या बाबतीत कोथरूड आणि भुकूम एक आहेत.

आणि इकडे माझा मुलगाही वाढत होता, तेही कुणाला न विचारता. एक बाजू पुरी करून दुसरी घ्यावी, तोवर पहिली त्याला आखूड पडायची. मी पुन्हा वाढवायचे. त्यात माझा हात असा, की रागावले असले की टाके घट्ट आणि पेंगत असले की सैल. कुंचीकडे नीट बघितलं तर तिच्यात माझा सगळा आठवडा दिसायचा. डाव्या कानापाशी एक पट्टा फार घट्ट होता, त्या दिवशी लस दिली होती.

नवरा एकदा म्हणाला, "हे नक्की कुणासाठी आहे?" मी त्याच्याकडे बघितलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

एव्हाना नणंदेला मुलगी झाली होती. खरं तर तेव्हा मी जाऊन ते बाळ बघायला हवं होतं, म्हणजे सगळा उलगडा झाला असता. पण माझ्या मुलाला सर्दी झाली, ती गेली तर मला झाली, आणि महिना-दीड महिना आम्ही एकमेकांना सर्दी देत राहिलो. नव्या बाळाजवळ शेंबडं नाक नेऊ नये म्हणून आम्ही घरीच. सासूबाई डिंकाचे लाडू घेऊन नांद्याला जायच्या, आल्यावर बाळ कसं आहे विचारलं तर "ग्वाड हाय" एवढंच सांगायच्या. फोटो यायचे. फोटोत बाळ फोनभर दिसायचं. पण फोनभर माझंही दिसायचं. नवं बाळ केवढं असतं हे मी पार विसरून गेले होते. घरात होतं ते बाळ, म्हणजे बाळ एवढंच असतं.

बारसं दोन दिवसांवर आलं आणि मी कुंचीला गोंडे लावले. शेंड्याला एक, झुलीला रांगेने. मुलाला शेवटचं एकदा घालून बघितलं. तो तिच्यात आरामात मावत होता आणि वर जागा उरत होती, तेव्हा मला पहिल्यांदा जरा शंका आली. पण तेवढ्यात तो त्या कुंचीवर ओकला आणि शंका मागे पडली.

कुंची धुवावी लागली. मुळशीतल्या पावसात कपडा धुणं सोपं असतं, वाळवणं हा वर्षभराचा विषय. घरातल्या सगळ्या दोऱ्या दुपट्यांनी भरलेल्या, खुर्च्यांच्या पाठी भरलेल्या, पंख्याखालची जागा लंगोटांची. शेवटी मागच्या पत्र्याखाली मी ती शेंड्याला चिमटा लावून टांगली. लोकरीत पाणी किती राहतं आणि त्या पाण्याला वजन असतं, हे मला शाळेत शिकवलं असणार. सकाळी बघते तर कुंची चिमट्यापासून ताणत लांबच लांब खाली आली होती आणि झुलीचे गोंडे जमिनीला टेकत होते.

मी ती पिळली, कोंबली, दाबली. मग इस्त्री आणली. उष्णतेने लोकर आक्रसते अशी माझी समजूत होती. ही लोकर आक्रसली नाही, उलट पडून राहिली आणि जास्तच सैल झाली. मी तिच्यासमोर बसून रडले. मुलगाही रडला, तो त्याच्या कारणाने.

सासूबाई आल्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. कुंची कुणाची, थाप का मारली, मला काय हवं होतं. त्यांनी ती दोन्ही हातांनी समोर धरली. धरल्यावर त्या मला दिसेनाशा झाल्या. मग कुंचीमागून आवाज आला.

"घाल पिशवीत," एवढंच त्या म्हणाल्या. आणि त्यांनी स्वतः आणून ठेवलेली गुलाबी तयार कुंचीही त्याच पिशवीत घातली.

नांद्याला नणंदेच्या सासरच्यांनी शेत विकून बिल्डिंग बांधली आहे, वरच्या मजल्यावर ते राहतात, खाली भाडेकरू. बारशाचा मांडव पार्किंगमध्ये घातला होता. पाळणा मधोमध, त्याला झेंडूच्या माळा, आणि मागे झाकून ठेवलेल्या मोटारसायकली. बायका खचाखच. नणंद पाळण्याशेजारी खुर्चीत बसली होती, भारी साडी, भारी दागिने आणि चेहरा उतरलेला. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. पाळण्यातलं बाळ मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. ते माझ्या मुलाच्या मांडीएवढं होतं.

तिच्या सासूबाईंनी आवाज दिला, "माहेरची कुंची आणा." मी गुलाबीकडे हात नेणार, तोच आत्याबाई मोठ्याने म्हणाल्या की मामीनं हातानं केलीय, ती काढा. आदल्या दिवशी कळल्यापासून त्यांना तिचा फार अभिमान वाटत होता. मी पिशवीतून कुंची काढायला लागले. ती येत राहिली. पिवळी आली, नारिंगी आली, पोपटी आली, शेवटी गोंडे आले. मग कुणीतरी ती बाळावर घातली आणि बाळ दिसेना. दोन बायका हात घालून त्याला शोधायला लागल्या. एकीच्या हाताला पाय लागला. बाळ मात्र आत अगदी गप्प झोपलं होतं.

"मामीनं तंबूच आणलाय," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळा मांडव हसला. मीही हसले. हसताना माझे कान तापले होते आणि मला तिथून पळून जायचं होतं. बाळाला गुलाबी कुंची घातली, ती नीट बसली. बाळाच्या आत्याने कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीत गुद्दे पडले, पाळणे म्हटले, घुगऱ्या वाटल्या. बायका एकेक करून पुढे येत होत्या आणि बाळाच्या अंगावर कपडे ठेवत होत्या. झबल्यांचा ढीग झाला. नणंद प्रत्येकीला हसून दाखवत होती. माझ्या कुंचीला एकटी तीच हसली नव्हती, आणि मला वाटलं ती इतकी नाराज आहे की तिला हसूसुद्धा येत नाही.

बाळ रडायला लागलं तशी ती पाजायला वर गेली. मी कुंची गोळा करून छातीशी धरली आणि मागोमाग गेले. माफी मागायची होती. ती पलंगावर बसून पाजत होती, खोलीत एसी गार लावलेला, आणि तिचे कान उघडे. बाळंतिणीने कान बांधून बसायचं असतं, पण फोटोसाठी तिचा रुमाल काढायला लावला होता आणि नंतर तो कुणाला सापडलाच नव्हता. मी म्हटलं, "ताई, मला मापाचं कळलंच नाही, मी..."

"गप," ती म्हणाली. "आण इकडं."

एका हाताने बाळ धरून तिने दुसऱ्या हाताने कुंची माझ्याकडून ओढून घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर चढवली. ती तिला बसली. टोपरं कानांवरून खाली आलं, झूल पाठीवरून कमरेपर्यंत गेली, शेंडा एका बाजूला कलंडला आणि त्याचा गोंडा तिच्या नाकावर आला. भारी साडी, नथ, आणि वर हे जेसीबीच्या रंगाचं. मला हसू आवरेना. आणि मग माझ्या लक्षात आलं की ती आत रडतेय.

"समदं बाळाला आलंय," ती म्हणाली. "मला ही एकच आलीय."

मी तिच्याजवळ बसले. ती बाळाकडे बघत म्हणाली, "वैनी, मला घरी यायचंय."

"चल," मी म्हटलं. मला कुणाला विचारायचं नव्हतं. "पण तुझ्या खोलीत माझा आहे. तो दिवसभर रडतो."

"बरंय. म्हंजी माझं रडलेलं कुणाला ऐकू येणार न्हाई."

मी दारातून सासूबाईंना हाक मारली आणि ताई आपल्याबरोबर भुकूमला येतेय, असं सांगून टाकलं. त्या जिना चढून आल्या, एकेका पायरीवर थांबत, गुडघा धरून. दारात येऊन त्यांनी लेकीकडे बघितलं. कुंचीकडे बघितलं. त्या पुढे झाल्या, तिच्या नाकावरचा गोंडा बाजूला केला, आणि लोंबणारे दोन बंद हातात घेतले. नणंदेने मांडीवरचं बाळ सावरलं आणि हनुवटी वर केली. सासूबाईंनी गाठ मारली, फार घट्ट नाही, आणि बोट घालून ती आवळत नाही ना ते बघितलं.